रशला नाव देण्याआधी: अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नाशिकच्या माझ्या भाचीचा फोन आला. दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात ती बी.एस.ला आली होती. वर्ग सुरू व्हायला अजून आठवडा होता. "मावशी, उद्या सकाळी आठला सगळ्या मुलींनी एकसारखा टी-शर्ट घालून जमायचंय. मग दिवसभर घरामागून घर फिरायचं. रूममेटने नाव दिलं म्हणून मीही दिलं. पण हे नक्की काय असतं गं?"

रशची, म्हणजे नव्या सभासदांच्या भरतीची, फी भरून झाली होती आणि प्रश्न आता पडत होते. त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. मी इथे बरीच वर्षं आहे. माझा मुलगा कॉलेजात फ्रॅटर्निटीत होता, मुलगी मात्र सोरोरिटीत गेली नाही, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच पाहिल्या आहेत. त्या रात्री तिला घाईघाईत जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहिते. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी हे वाचा.

आधी थोडी ओळख

फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची आणि सोरोरिटी म्हणजे मुलींची सभासद-संघटना. नाव बहुतेक दोन-तीन ग्रीक अक्षरांचं असतं, म्हणून या सगळ्या जगाला 'ग्रीक लाइफ' म्हणतात. ग्रीस देशाशी त्याचा काही संबंध नाही. ५ डिसेंबर १७७६ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कापा नावाचं गुप्त वादविवाद मंडळ काढलं आणि ग्रीक अक्षरांची प्रथा तिथून पडली. आज ती संस्था गुणवंतांचा सन्मान करणारी आहे, तिथे पार्ट्या होत नाहीत. आजच्या धाटणीची फ्रॅटर्निटी १८२५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झाली. मुलींची पहिली गुप्त मंडळं जॉर्जियातल्या मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात १८५१ आणि १८५२मध्ये निघाली.

देशभर पसरलेल्या संघटनेची तुमच्या कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. चॅप्टरचं स्वतःचं मोठं घर असू शकतं, त्यात सभासद राहतात, एकत्र जेवतात. वर्गणी असते, दर आठवड्याला मीटिंग असते, समाजकार्यासाठी निधी गोळा करायचा असतो, नाचाचे कार्यक्रम असतात आणि बाहेरच्यांना न सांगायचे विधी असतात. सभासदत्व जन्मभराचं मानलं जातं. माझ्या मुलाला पहिली नोकरी लागली ती त्याच्या चॅप्टरमधून वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका माणसाच्या शब्दावर. हा फायदा खरा आहे.

पायरी १ : हे आपल्यासाठी आहे का?

महाराष्ट्रातून येणारे बहुतेक विद्यार्थी एम.एस.साठी येतात. तुम्ही त्यांतले असाल तर रशचा विचार सोडून द्या, कारण हा खेळ जवळजवळ पूर्णपणे पदवीपूर्व चार वर्षांचा आहे. तुमच्या ईमेलवर ग्रीक नावाच्या संस्थेचं निमंत्रण आलं, तर ती बहुधा ऑनर सोसायटी असते. इंजिनिअरिंगची टाऊ बीटा पाय त्यांतली जुनी, १८८५ची. ती गुण पाहून बोलावते, बायोडेटात एक ओळ वाढते, राहण्या-जेवण्याशी तिचा संबंध नसतो.

बी.एस.ला येत असाल तर आधी कॉलेज बघा. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात आणि इंडियानातल्या नोत्र दाममध्ये फ्रॅटर्निटी-सोरोरिटी नाहीतच. तिथे वसतिगृहांनाच कुळासारखं स्थान आहे. याउलट अलाबामा विद्यापीठात ग्रीक लाइफ हे कॅम्पसवरचं मोठं प्रस्थ आहे, तिथल्या ऑगस्टमधल्या रशचे व्हिडिओ तुम्ही रील्समध्ये पाहिलेही असतील.

आणखी एक रस्ता आहे, तो आपल्या मुलांना फार कुणी सांगत नाही. व्यावसायिक आणि सेवाभावी फ्रॅटर्निटी. अल्फा कापा साय (व्यवसाय), थीटा टाऊ (इंजिनिअरिंग), अल्फा फाय ओमेगा (समाजसेवा). या संस्थांत मुलं-मुली एकत्र असतात, वर्गणी बरीच कमी, आणि राहायला घर घेण्याचा आग्रह सहसा नसतो. लाजाळू मुलांना मी आधी हेच दार दाखवते.

पायरी २ : कोणत्या दारावर थाप मारायची?

सगळ्या ग्रीक संस्था एका माळेतल्या नाहीत. मुलींच्या २६ जुन्या सोरोरिटी नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये येतात. मुलांच्या बहुतेक जुन्या फ्रॅटर्निटी कॉलेजच्या इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिलखाली येतात. 'रश' म्हणतात तो मुख्यतः या दोघांचा.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नऊ संस्थांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. त्यांतली पहिली अल्फा फाय अल्फा, १९०६, कॉर्नेल विद्यापीठ. गोऱ्यांच्या संघटना दार उघडत नव्हत्या त्या काळात या संस्था उभ्या राहिल्या. मार्टिन ल्यूथर किंग अल्फा फाय अल्फाचे, कमला हॅरिस अल्फा कापा अल्फाच्या. इथे प्रवेशाची रीत वेगळी आहे: बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात घेत नाहीत, आधी काही क्रेडिट्स पूर्ण लागतात, आणि इच्छुकाने गाजावाजा न करता चौकशी करावी अशी अपेक्षा असते. कुणालाही अर्ज करता येतो, पण त्या परंपरेबद्दल मनापासून आदर असेल तरच जा. यहुदी विद्यार्थ्यांनीही याच कारणाने स्वतःच्या संस्था काढल्या होत्या, १९१३ची अल्फा एप्सिलॉन पाय त्यांतली एक.

हा इतिहास जुना झाला असं समजू नका. अलाबामा विद्यापीठातल्या पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना कसं डावललं, हे तिथल्याच विद्यार्थी वृत्तपत्राने २०१३मध्ये छापलं, तेव्हा कुठे दारं उघडली. म्हणून एखाद्या घरात शिरताना भिंतीवरचे गटफोटो नीट पाहा. गेल्या चार-पाच वर्षांच्या फोटोंत तुमच्यासारखा चेहरा आहे का? एकच असेल तर त्या मुलीला गाठून, बाजूला घेऊन विचारा. ती जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

आपल्या उपखंडातल्या मुलांनीही १९९०च्या दशकात स्वतःच्या संस्था काढल्या. बिंगहॅम्टनमध्ये आयोटा नू डेल्टा १९९४ला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो १९९६ला, ऑस्टिनमध्ये डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ला. मुलींच्या कापा फाय गॅमा (ऑस्टिन) आणि डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन) याही १९९८च्याच. यांत बहुतेक मुलं इथे जन्मलेली असतात, घरी मराठी, गुजराती, तेलुगू ऐकलेली, उन्हाळ्यात बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाचलेली. तुम्ही थेट भारतातून आलात तर सुरुवातीला त्यांच्यातही परके वाटाल. उच्चार वेगळे, विनोद वेगळे. दोन महिने द्या, अंतर कमी होतं.

पायरी ३ : कागद बघा, मग पैसे बघा

हे काम खोलीत बसून अर्ध्या तासात होतं आणि तरीही कुणी करत नाही.

कॉलेजच्या वेबसाइटवर फ्रॅटर्निटी-सोरोरिटी ऑफिसचं पान शोधा. मान्यता असलेल्या चॅप्टर्सची यादी तिथे असते. यादीत नाव नसेल तर तिथे पाऊल टाकू नका. काही चॅप्टर्सची मान्यता काढून घेतलेली असते, तरी मुलं बाहेर घर घेऊन त्याच नावाने पार्ट्या करत राहतात. तिथे काही झालं तर कॉलेज हात झटकतं.

मग 'कॅम्पस हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट' शोधा. हेझिंग म्हणजे रॅगिंगसारखा नव्या सभासदांचा छळ. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट आला. कोणत्या संघटनेवर हेझिंग सिद्ध झालं, काय घडलं, काय शिक्षा झाली, हे त्या कायद्याने कॉलेजांना जाहीर करावं लागतं. तुम्हाला आवडलेल्या चॅप्टरचं नाव त्यात आहे का, बघा.

आता पैसे. रशची नोंदणी फी वेगळी, नव्या सभासदाची एकदाची फी वेगळी, मग दर सत्राची वर्गणी. घरात राहिलात तर भाडं आणि जेवण. घरात राहत नसाल तरी अनेक सोरोरिटी 'पार्लर फी' घेतात, म्हणजे घर वापरण्याचा खर्च. वर टी-शर्ट, कार्यक्रमांचे कपडे, 'लिटल सिस्टर'साठी, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या नव्या मुलीसाठी, भेटवस्तू, बैठकीला न गेल्यास दंड. आकडा काही शे डॉलरपासून सत्राला काही हजारांपर्यंत जातो. तोंडी आकड्यावर जाऊ नका. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर मागा, त्याला रुपयांत गुणा आणि तो कागद घरी पाठवा. भाचीच्या बाबांनी पार्लर फीच्या ओळीभोवती लाल पेनने गोल करून विचारलं होतं, "ती राहतच नाही तिथे, मग हे कशाचे?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर सही करण्याआधी मिळालं हे त्याहून बरं झालं.

शाकाहारी असाल तर घरातल्या स्वयंपाक्याला भेटून आठवड्याचा मेनू मागा. 'सॅलड आहे ना' हे उत्तर मिळालं तर जेवणाचे पैसे वाया जाणार हे गृहीत धरा. आणि दीक्षाविधीत धार्मिक शपथ आहे का, हेही आधी विचारा. विधी गुप्त असला तरी शपथ ख्रिस्ती धर्माच्या नावाने आहे का, एवढं सांगायला कुणी नकार देऊ नये.

पायरी ४ : रशचा आठवडा

मुलांचं सोपं असतं. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत घरं उघडी असतात, बार्बेक्यू असतं, बास्केटबॉल खेळतात, गप्पा मारतात. पटलं तर 'बिड', म्हणजे सभासदत्वाचं आमंत्रण, देतात.

मुलींचं वेगळं. भाचीने वर्णन केलं तसं सांगते. ऊन पस्तीस अंशांवर. घराबाहेर मुलींची रांग. दार उघडतं आणि चौकटीत खालपासून वरपर्यंत चेहरेच चेहरे, सगळ्या एका तालात टाळ्या वाजवत, गाणं म्हणत. मग एकेक मुलगी येऊन तुमचा हात धरून आत नेते. पाच-सात मिनिटं बोलते. दुसरी येऊन अलगद तिची जागा घेते, मग तिसरी. वेळ संपला की बाहेर, पुढच्या घरासमोर पुन्हा रांग. पिशवीत सपाट चपला, पाण्याची बाटली, घाम टिपायला रुमाल आणि चिकटपट्टी ठेवा. पहिल्या दिवशी टाचा सोलतात.

रोज रात्री तुम्ही घरांना क्रम देता आणि घरंही तुमची यादी करतात. दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात. पहिल्या फेरीत सगळी घरं, पुढच्या फेऱ्यांत समाजकार्याची माहिती आणि भगिनीभावाच्या गोष्टी, शेवटची 'प्रेफरन्स', तिथे दिवे मंद, हातात मेणबत्ती, कुणीतरी रडत आपली गोष्ट सांगत असतं. तो प्रसंग मुद्दाम हेलावून टाकणारा रचलेला असतो. ज्या मुली बोलतात त्यांच्या भावना खोट्या नसतात, तरी त्या खोलीतून बाहेर आल्यावर लगेच निर्णय घेऊ नका. खोलीवर जा, जेवा, घरी फोन करा.

बोलायचं काय? आपल्या मुलांची एक सवय मला ठाऊक आहे: कुणी विचारलं की टक्के, क्लास, प्रोजेक्ट सांगायला लागतात. इथे मुलाखत नाही. तुम्हाला कशाने हसू येतं, रविवारी काय करता, हे बोला. आणि उलट विचारा: "मागच्या महिन्यात तुम्हा सगळ्यांचं कशावरून वाजलं?" यावर मोकळं उत्तर देणारं घर बरं. पैसा, राजकारण, धर्म, दारू आणि बॉयफ्रेंड हे विषय तिथे टाळतात, तेवढं सांभाळा. नाव मात्र बदलू नका. त्यांना 'ज्ञानदा' म्हणता येत नसेल तर दोनदा शिकवा. ज्यांना चार वर्षं बहीण म्हणायचंय, त्यांना एवढं जमायला हवं.

मनातलं घर दुसऱ्या दिवशीच यादीतून गळलं तर रडू येईल. भाचीलाही आलं. सात मिनिटांत तुम्हाला कुणी ओळखलेलं नसतं, तेव्हा तो नकार तुमच्या स्वभावाला मिळालेला नाही. 'रो गॅमा' नावाच्या वरच्या वर्गातल्या मार्गदर्शक मुली असतात, त्या आठवड्यापुरत्या स्वतःच्या सोरोरिटीपासून अलग असतात, त्यांच्याशी बोला. आणि मुख्य रश संपल्यावरही जागा उरलेली घरं वर्षभर साधेपणाने सभासद घेतात. त्याला कंटिन्युअस ओपन बिडिंग म्हणतात. तिथे गाणी नाहीत, मेणबत्त्या नाहीत, कॉफी पीत बसून बोलता येतं. माझं मत विचाराल तर नवख्या भारतीय मुलीसाठी हीच वाट अधिक चांगली. पहिले सहा आठवडे घरची आठवण इतकी येते की कुणीही हात धरला की तो आपला वाटतो.

पायरी ५ : सही

प्रेफरन्सनंतर मुलींकडून एक करारपत्र भरून घेतात. त्यात ज्या घरांची नावं लिहाल, त्यांतल्या एखाद्याचं बिड आलं आणि तुम्ही नाकारलंत, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रशपर्यंत त्या २६ सोरोरिटींपैकी दुसऱ्या कुठेही जाता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायची तयारी आहे तेवढीच नावं लिहा. एकच नाव लिहिलं तरी चालतं. एकही लिहायचं नसेल तर सही न करता उठून या. त्या क्षणी खोलीत शंभर मुली खाली मान घालून लिहीत असतात, उठणं अवघड जातं, पण उठता येतं.

पायरी ६ : हेझिंग

इथे मी थांबून बोलणार आहे.

रॅगिंग आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्राने १९९९मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, यूजीसीचे नियम २००९मध्ये आले. हेझिंग त्याचंच भावंड, पण एक मोठा फरक आहे. रॅगिंगपासून मुलं पळतात, हेझिंगकडे मुलं आपल्या पायांनी चालत जातात, कारण पलीकडे सभासदत्व ठेवलेलं असतं. "नको असेल तर जा ना, कुणी धरलंय?" असं म्हणतात, आणि जाणारा कधीच जात नाही.

फेब्रुवारी २०१७मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बिड स्वीकारल्याच्या रात्री एका १९ वर्षांच्या मुलाला एकामागून एक दारू पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात मुलं होती, तरी जवळजवळ १२ तास कुणी ९११ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला नाही. तो वाचला नाही. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कडक कायदा केला.

'आपल्यासारख्यांच्या' संस्थेत असं होत नाही, या भ्रमात राहू नका. डिसेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या बारुक कॉलेजातला एक चिनी वंशाचा विद्यार्थी पाय डेल्टा साय या आशियाई फ्रॅटर्निटीच्या विधीत मेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली पिशवी, आणि अंधारात त्याला पुन्हापुन्हा पाडणारे त्याचे होऊ घातलेले भाऊ.

सुरुवात मात्र कधीच इतकी भयंकर नसते. ती अशी असते: रात्री दोनला फोन करून गाडीने सोडायला बोलावणं. सीनियरचे कपडे धुणं. जेवणाच्या टेबलावर परवानगीशिवाय न बोलणं. फोन जमा करणं. "बाहेर सांगायचं नाही" हे वाक्य. मुलगा नवा सभासद असताना एका सुट्टीत घरी आला आणि तीन दिवस झोपूनच होता. मी विचारलं, तो म्हणाला, "आई, सगळेच करतात." मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही.

म्हणून एक खूण ठेवा: जे काम जुने सभासद तुमच्याबरोबर करत नाहीत आणि जे तुम्ही आईला फोनवर सांगू शकत नाही, ते हेझिंग. तुम्ही हो म्हणालात याला अनेक राज्यांत कायद्यापुढे काही किंमत नाही, गुन्हा तो गुन्हाच. कॉलेजात निनावी तक्रार करायची सोय असते. तारीख, वेळ, मेसेजचे स्क्रीनशॉट जपा आणि ते फोनबाहेरही कुठेतरी ठेवा.

दारूचं वय इथे २१ आहे, सगळ्या राज्यांत. सोरोरिटीच्या घरात सहसा दारू चालत नाही, म्हणून पार्ट्या फ्रॅटर्निटीच्या घरात होतात, म्हणजे मुली नेहमी परक्या घरात असतात. दोघी-तिघींनी एकत्र जा, एकत्र परत या, पेला हातातून सोडू नका. कुणी शुद्धीत येत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 'झोपू दे, उतरेल' असं म्हणत बसू नका. कुशीवर वळवा आणि ९११ फिरवा. मदत बोलावणाऱ्याला दारू प्यायल्याबद्दल शिक्षा होऊ नये अशी तरतूद बऱ्याच राज्यांत आणि कॉलेजांत आहे. ती नसती तरी फोन करायचाच.

पायरी ७ : एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठी, आणि बाहेर पडण्यासाठी

इथल्या मुलांना ज्या चुकीने दंड होतो, त्याच चुकीने तुमचा व्हिसा जाऊ शकतो. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. नवीन सभासदत्वाच्या धावपळीत विषय सोडावासा वाटला तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण पूर्णवेळ क्रेडिट्स, सहसा १२, कमी झाले की स्टेटस धोक्यात येतं. चॅप्टरमध्ये खजिनदार किंवा किचन मॅनेजर होऊन भाड्यात सूट मिळत असेल, तर ती कमाई धरली जाऊ शकते. तेही लेखी विचारून घ्या.

पटलं नाही तर सोडता येतं. दीक्षाविधीच्या आधी सोडणं सगळ्यांत सोपं: चॅप्टरच्या अध्यक्षाला आणि ग्रीक लाइफ ऑफिसला एकाच वेळी ईमेल, बॅज परत, राहिलेली वर्गणी किती ते लेखी. दीक्षेनंतर देशपातळीच्या कार्यालयाकडे राजीनामा द्यावा लागतो, आणि घराचा भाडेकरार वेगळा असतो हे विसरू नका. सभासदत्व सुटलं तरी करार वर्षभर मानेवर राहतो.

भाचीने मुख्य रशमध्ये सही केली नाही. ऑक्टोबरमध्ये एका छोट्या घराचं बिड आलं, ते तिने घेतलं. येत्या ऑगस्टमध्ये ती तिथे राहायला जाणार आहे. पत्ता बदलला की १० दिवसांत इंटरनॅशनल ऑफिसला कळवावं लागतं, मग ते घर वसतिगृहापासून दोन गल्ल्यांवर का असेना. सामान हलवायच्या तारखेवर ते मी तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये स्वतः लिहून ठेवलंय.